नवी घ्यावी कीं जुनी?

सन २०२५ च्या पावसाळ्याच्या अखेरीस आमचा भाचा वाकोल्यास आमच्या बिऱ्हाडीं आला तो एक प्रश्न बरोबर घेऊनच आला. मूळचा चिपळूणचा हा मुलगा दोन वर्षांपूर्वीं वांद्रे-कुर्ला संकुलांतील एका कचेरींत नोकरीस लागला. तेवढ्या मुदतींत त्यानें १ लाख ३० हजार रुपये शिल्लक टाकले होते, आणि त्या रकमेंत त्यास मोटारसायकल घ्यावयाची होती. तीहि साधी नव्हे, क्रूझर. "मामा, नवी घेऊं कीं जुनी, एवढेंच तुम्ही सांगा," असें तो म्हणाला. त्याच्या आईचा, म्हणजे आमच्या धाकट्या बहिणीचा, फोन त्याच्या आधींच येऊन गेला होता. "दादा, तुझं तो ऐकतो. गाडीच नको म्हणावं," एवढी तिची मागणी. यंत्राच्या बाबतींत आमचें ज्ञान बेताचेंच. परंतु पंचवीस वर्षें इतिहास शिकविण्यांत गेल्यामुळें कोणीं बाजारभाव विचारला तरी त्याची वंशावळ काढीत बसण्याची खोड आम्हांस जडली आहे. ती वंशावळ भाच्यानें त्या आठवड्यांत मुकाट्यानें ऐकून घेतली. वाचकांवर आमचा तसा हक्क नाहीं. तरी "नवी कीं जुनी" या साध्या प्रश्नाचें उत्तर गेल्या ऐंशी वर्षांत किती वेळां उलटें झालें हें पाहून आमचें आम्हांसच नवल वाटलें, म्हणून तें येथें लिहितों.

प्रथम शब्दाचें पाहूं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं 'क्रूझर' म्हटल्यावर वृत्तपत्र वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढें लढाऊ जहाज उभें राहत असे. अलीकडे महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांत हाच शब्द उच्चारल्यास वऱ्हाडाचीं पंधरा माणसें पोटांत घालून धुरळा उडवीत जाणारी जीपवजा गाडी डोळ्यांपुढें येते. आमच्या भाच्याची क्रूझर या दोहोंहून निराळी. हिची बैठक ठेंगणी, हॅंडल रुंद व स्वाराच्या छातीकडे ओढलेलें, पाय ठेवण्याच्या जागा पुढें सरकविलेल्या, आणि दोन चाकांमधील अंतर लांब. साध्या मोटारसायकलीची बैठक जमिनीपासून ८०० मिलिमीटरांच्या आसपास असते. बजाज ॲव्हेंजरची ७३७ आहे. स्वार गाडीवर वाकत नाहीं, आरामखुर्चींत बसावें तसा बसतो. शर्यत जिंकणें हा हिचा धर्म नव्हे. एकाच संथ चालीनें दिवसभर जाणें हा आहे. अर्थात् असल्या चालीस लांब, सरळ व मोकळा रस्ता पाहिजे, आणि तो अमेरिकेंत होता.

मिलवॉकी गांवीं १९०३ सालीं स्थापन झालेल्या हार्ले-डेव्हिडसन कंपनीनें दुसऱ्या महायुद्धांत सैन्यासाठीं 'डब्ल्यू.एल.ए.' जातीच्या सुमारें ९० हजार मोटारसायकली बनविल्या. १९४५ सालीं लढाई संपली आणि त्यांतील पुष्कळशा सरकारनें स्वस्तांत फुंकून टाकल्या. लढाईवरून परतलेल्या तरुण शिपायांच्या हातीं पैसा थोडा आणि अंगांत अस्वस्थता फार. त्यांनीं ह्या जुन्या गाड्या विकत घेतल्या. वजन कमी व्हावें म्हणून पुढचा मडगार्ड काढून टाकला, मागचा निम्मा कापला, नको तें सारें सामान उतरविलें. पुढें कोणी हॅंडल उंच केलें, कोणी पुढचा फोर्क लांबविला. १९६९ सालच्या 'ईझी रायडर' या चित्रपटांत ज्या गाड्यांनीं जगभरच्या पोरांस वेड लावलें त्यासुद्धां पोलिसांच्या लिलावांत घेतलेल्या जुन्या हार्ले कापून केलेल्या होत्या. हें सर्व गॅरेजांतून आणि परसांतून वीस-पंचवीस वर्षें चालल्यावर कंपनीस जाग आली, आणि १९७१ सालीं तिनें 'सुपर ग्लाइड' या नांवानें कारखान्यांतच तसा घाट घडवून विकावयास काढला. त्याच दशकाच्या उत्तरार्धांत जपानी कंपन्यांनीं तिचा कित्ता गिरविला. म्हणजे क्रूझर ही जन्मतःच जुनी गाडी. बेताच्या पैशांत जुनें घेऊन आपल्या मनाजोगें करणाऱ्यांनीं ती निर्माण केली. नवी क्रूझर ही त्या जुनीची नक्कल होय. हें ऐकून भाच्याचा चेहरा खुलला, कारण जुनी गाडी घेणें म्हणजे कमीपणा अशी कांहीं कल्पना त्याच्या मनांत होती असें दिसलें.

याच काळीं आमच्याकडे काय चाललें होतें? वाकोल्यास लागूनच असलेला सांताक्रूझचा विमानतळ युद्धकाळांत ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता. त्याच्या अलीकडे-पलीकडे गांवठाण, शेतें आणि खाजण. स्वातंत्र्यानंतर सरकारनें उद्योगधंद्यांवर परवान्यांची व्यवस्था बसविली. कोणी किती माल काढावा हें दिल्लीस ठरूं लागलें. मोटारसायकलींत निवड अशी तिघांचीच. मद्रासेस १९५५ सालीं स्थापन झालेल्या एन्फील्ड इंडियाची बुलेट, जिचा पाया सैन्याच्या ८०० गाड्यांच्या मागणीनें घातला. एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत. आणि म्हैसूरची जावा. या तिसरीचा मुंबईशीं संबंध निकटचा, कारण चेकोस्लोव्हाकियांतून जावा गाड्या आणून विकणाऱ्या मुंबईच्या इराणी कुटुंबानेंच १९६१ सालीं म्हैसुरास तिचें उत्पादन सुरू केलें. तिचेंच पुढें 'येझ्दी' झालें, आणि १९९६ सालीं तो कारखाना बंद पडला. स्कूटरींत भांडुपच्या बाजूस तयार होणारी लॅंब्रेटा आणि आकुर्डीच्या बजाजची, जी १९७२ पासून 'चेतक' या नांवानें ओळखली जाऊं लागली.

चेतकसाठीं नांव नोंदवून दहा-दहा वर्षें वाट पाहणारीं माणसें आमच्या पिढीनें पाहिलीं आहेत. वाट पाहणें जेथें इतकें लांब तेथें जुन्या मालाचा भाव कसा असावा? हातांत असलेली वापरलेली स्कूटर ही नोंदवहींत असलेल्या नव्या स्कूटरीहून महाग! नव्याची किंमत बांधलेली. जुनीच्या किंमतीवर मात्र 'ऑन' द्यावा लागे. मुंबईच्या बाजारांतील हा शब्द आजच्या मुलांस समजावून सांगावा लागतो यावरून काळ किती पालटला तें कळावें. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत वस्तु वापरली म्हणजे तिचें मोल उतरतें असें लिहिलेलें असतें. परवान्याच्या राज्यांत तें चढत असे.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतों. आमचे वडील शाळामास्तर. त्यांनीं १९७४ सालीं स्कूटरसाठीं पैसे भरले. स्कूटर १९८३ सालीं आली. तोंपर्यंत आम्ही तेरा वर्षांचे झालों होतों. चाळीच्या अंगणांत ती उभी राहिली, तिला हार घातला, नारळ फोडला, आणि त्याच रात्रीं आईनें घरच्या छपराचा विषय काढला. चिपळूणचें घर गळत होतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ओळखीच्या एका व्यापाऱ्यानें छापील किंमतीवर कांहीं हजार रुपये जास्त देऊं केले, आणि वडिलांनीं किल्ली त्याच्या हातीं ठेवली. नऊ वर्षें वाट पाहिलेली स्कूटर आमच्या घरीं एक रात्र राहिली. छप्पर मात्र झालें. व्यवहार कायद्याच्या दृष्टीनें बरा नव्हता हें आम्ही जाणतों. कागदोपत्रीं मालक वडीलच राहिले, आणि त्याचें फळहि मिळालें. पुढें कित्येक वर्षांनीं कोठल्याशा चौकांत कोणास तरी धक्का मारल्याबद्दल वडिलांच्या नांवें समन्स आलें. ज्या गाडीवर ते एकदांहि बसले नव्हते तिच्यासाठीं त्यांस कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. जुनी गाडी घेतांना अगर विकतांना कागद आधीं, किल्ली नंतर, हा धडा आमच्या घरांत तेव्हांपासून आहे.

१९८० नंतर जपानी कंपन्यांशीं भागीदारी करण्यास मोकळीक मिळाली आणि शंभर सी.सी. च्या काटकसरी मोटारसायकली आल्या. १९९१ सालीं परवान्यांचें युग संपलें. ह्या भागावर आम्हीं भाच्यास फार वेळ थांबविलें नाहीं. क्रूझरचें खरें पाऊल पडलें तें २००१ सालीं, जेव्हां बजाजनें कावासाकीच्या सहकार्यानें 'एलिमिनेटर' बाजारांत आणली. पुढल्याच वर्षीं यामाहाची 'एन्टायसर' आणि रॉयल एन्फील्डची 'थंडरबर्ड' आली. एलिमिनेटरचें इंजिन जपानी घडणीचें, त्यामुळें गाडी देखणी पण किंमत मध्यमवर्गाच्या आवांक्याबाहेर. बजाजनें २००५ सालीं तोच सांगाडा ठेवून त्यांत आपल्या पल्सरचें इंजिन बसविलें, नांव 'ॲव्हेंजर' ठेविलें, आणि किंमत पुष्कळच खालीं आली. आमच्या मतें महाराष्ट्रांतील सामान्य माणसाच्या क्रूझरचा इतिहास या तडजोडीपासून सुरू होतो. अमेरिकन शिपायानें जें करवतीनें केलें तेंच आकुर्डीच्या कारखान्यानें जमाखर्चाच्या वहीनें केलें. आणि ज्या बजाजच्या स्कूटरसाठीं लोक दहा वर्षें थांबत तिनेंच २००९ सालीं स्कूटरी बनविणें सोडून देत असल्याचें जाहीर केलें.

आतां या इतिहासांतील सर्वांत चवदार प्रकरण, कारण त्यांत हापूस आंबा आहे. फळमाशी व कोयीतील भुंगा यांच्या भयानें अमेरिकेनें १९८९ पासून भारतीय आंबा बंद केला होता. इकडे प्रदूषणाचे नियम व जबर जकात यांमुळें हार्लेस भारताचें दार बंद होतें. २००७ सालीं सौदा जमला: भारतानें ८०० सी.सी. वरील मोटारसायकलींस युरोपीय कसोटीवर प्रवेश द्यावा, अमेरिकेनें आंबे घ्यावे. मात्र आंब्यांतील कीड नष्ट करण्यासाठीं त्यांवर गॅमा किरणांचा प्रयोग झाला पाहिजे, अशी अट होती. हा प्रयोग कोठें झाला? नाशिक जिल्ह्यांतील लासलगांवीं, कांद्याच्या त्या प्रसिद्ध पेठेंत. कांद्यास मोड येऊं नयेत म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्रानें तेथें जें 'कृषक' नांवाचें केंद्र उभारलें होतें, त्यासच अमेरिकन खात्यानें मान्यता दिली. अशा रीतीनें कोंकणचा हापूस घांट चढून कांद्याच्या गांवीं गेला, तेथून न्यूयॉर्कास गेला, आणि त्याच्या बदल्यांत मिलवॉकीची फटफटी मुंबईस येण्याचा मार्ग मोकळा झाला. चिपळूणच्या मुलास ही हकीकत ठाऊक नसावी याचें आम्हांस दुःख झालें.

दार उघडलें खरें, पण उंबरठा उंचच राहिला. जकात व इतर कर मिळून बाहेरून येणाऱ्या तयार गाडीची किंमत दुपटीच्या घरांत जाई. ही जकात २०१८ सालीं ५० टक्क्यांवर आणली तरी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचें समाधान झालें नाहीं. त्या वेळीं आम्हांस राहून राहून आठवे तें १९८३ साल. तेव्हां जपानी मोटारसायकलींपुढें टिकाव लागेना म्हणून हार्लेनेंच आपल्या सरकारकडे गाऱ्हाणें नेलें होतें, आणि रीगन सरकारनें ७०० सी.सी. वरील परदेशी गाड्यांवरील जकात ४.४ टक्क्यांवरून एकदम ४९.४ टक्क्यांवर नेली होती. असो. हार्लेनें २०२० सालीं भारतांतला आपला स्वतंत्र कारभार आवरला, हीरो कंपनीशीं हात मिळविला, आणि २०२३ सालीं येथेंच बनलेली ४४० सी.सी. ची लहान गाडी काढली.

या मोठ्या घडामोडींचा आमच्या भाच्याच्या १ लाख ३० हजारांशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध असा कीं, नवी-जुनीचा भाव दुकानदार ठरवीत नाहीं, पुष्कळदां सरकारच ठरवितें. २०१७ च्या मार्च महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें १ एप्रिलपासून जुन्या 'बी.एस. ३' मानकाच्या गाड्या विकूं नयेत असा निकाल दिला. निकाल २९ तारखेचा, म्हणजे मध्यें दोनच दिवस. त्या दोन दिवसांत दुकानांपुढें रेशनच्या रांगांसारख्या रांगा लागल्या आणि कोऱ्या गाड्या हजारों रुपये कमी घेऊन विकल्या गेल्या. जुनीस मिळावा असा भाव नवीस आला. १९८३ च्या बरोबर उलट! पुढें २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीस पांच वर्षांचा तिऱ्हाइताचा विमा एकदम भरणें आलें, २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सी.सी. वरील गाडीस चाक घसरूं न देणारी 'ए.बी.एस.' ब्रेकची योजना सक्तीची झाली, २०२० सालीं 'बी.एस. ६' आलें. प्रत्येक पायरीस नवी गाडी सुरक्षित किंवा स्वच्छ झाली आणि महागहि झाली. रॉयल एन्फील्डची 'मीटिऑर' त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत निघाली ती रस्ता-कर व विमा सोडून १ लाख ७६ हजारांस. नंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी.सी. पर्यंतच्या गाडीवरील कर २८ टक्क्यांवरून १८ वर उतरला आणि त्याहून मोठीवरील ४० वर चढला. मीटिऑरचें इंजिन ३४९ सी.सी. चें आहे, एका घनसेंटिमीटराचें मोल काय असतें तें यावरून दिसेल.

कर उतरूनहि भाच्याच्या रकमेंत नवी क्रूझर रस्त्यावर येईना. नवी घ्यावयाची तर तीन वर्षें हप्ते; जुनी घ्यावयाची तर रोख. कर्ज नको असा आमचा आग्रह, आणि त्यानें तो मानला. मात्र २०१९ च्या एप्रिलपूर्वींची गाडी पाहूं नये ही अट आम्हीं ब्रेकांसाठीं घातली. थंडरबर्डचा त्यास मोह होता. पण जवळजवळ दोनशे किलो वजनाची गाडी पावसांत बंद पडल्यावर मिलन सबवेच्या चढावर ढकलून पाहावी, म्हणजे मोह ओसरतो. ॲव्हेंजर त्याहून तीसएक किलोंनीं हलकी.

येथें आमच्या वस्तीचें एक गूढ सांगितलें पाहिजे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. वाकोल्याचा नाला मिठी नदीस मिळतो. त्या दिवशीं नदीच उलट नाल्यांत शिरली. कालिना, वाकोला, कुर्ला येथील हजारों वाहनें रात्रभर पाण्यांत होतीं. पुढल्या वर्षीं आम्हीं कॉलेजांत जाण्यायेण्यासाठीं एक जुनी मोटारसायकल घेतली; रंग कोरा, इंजिन गोड, किंमत आश्चर्यकारक. तीन महिन्यांनीं एकेक तार गंजून तुटूं लागली आणि खर्च किंमतीच्या निम्म्यावर गेला. विकणाऱ्यानें पुराचा शब्द काढला नव्हता, आणि तो विचारण्याचें आम्हांस सुचलें नव्हतें.

ही कथा सांगून आम्ही भाच्यास शहाणें करूं गेलों, तों तोच हंसला. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरांत त्यांच्या घरची स्कूटर तीन दिवस चिखलांत होती. ती त्यानें स्वतः खोलून धुतली होती. पाहावयास गेलेल्या दुसऱ्याच गाडीचें त्यानें हेडलाइटचें भांडें उघडविलें, आंत बोट फिरविलें, आणि बोटावरचा बारीक वाळलेला गाळ आम्हांस दाखविला. मग बैठक उचलून तारांच्या जोडांवरील हिरवट थर. "चला मामा," एवढेंच तो बोलला. वीस वर्षांपूर्वीं असा भाचा आम्हांस असता तर बरें झालें असतें.

शेवटीं कालिन्याच्या एका गृहस्थांची २०१९ च्या अखेरची ॲव्हेंजर मनास आली. सांगाड्यावरचा व इंजिनावरचा क्रमांक आर.सी. शीं पडताळला, थंड इंजिन पहिल्या बटणास सुरू होतें कीं नाहीं तें पाहण्यासाठीं सकाळीं सातास जाऊन थडकलों, सर्व्हिसच्या पावत्या पाहिल्या, बॅंकेचें कर्ज फिटल्याचा दाखला मागितला. गृहस्थ ८२ हजार सांगत होते. "काका, नव्या गाडीवरचा कर दहा टक्क्यांनीं उतरलाय, तुमची किंमत मात्र ऑगस्टांतलीच आहे," असें भाचा म्हणाला. गृहस्थांनीं तें मनावर घेतलें आणि ७४ हजारांवर व्यवहार ठरला. नमुना २९ व ३० यांवर सह्या आमच्या डोळ्यांदेखत झाल्या; किल्ली त्यानंतर. उरलेल्यांतून दोन नवे टायर, साखळीचा संच, चांगलें हेल्मेट आणि विमा.

एका गोष्टीवर आमचें व त्याचें अद्याप एकमत नाहीं. संथ, सरळ, लांब रस्त्यासाठीं जन्मलेल्या या गाडीस मुंबईनें ठेवलें आहे काय? पुण्याचा द्रुतगती मार्ग, वरळीचा सागरी सेतु, किनारी रस्ता, शिवडीचा अटल सेतु, जेवढे म्हणून असे रस्ते झाले तेवढे सारे दुचाकीस बंद. तिच्या वांट्यास पश्चिम द्रुतगती महामार्ग, ज्यावर वाकोल्याच्या पुलापाशीं द्रुतगति ही केवळ पाटीवर असते. पहिल्या सोमवारीं घरापासून कचेरीपर्यंतच्या चार किलोमीटरांस त्यास पस्तीस मिनिटें लागलीं. रस्ता नसेल तेथें आरामखुर्ची कशाला, हा आमचा प्रश्न. गर्दींत तासभर अडकून बसावयाचें तर निदान पाय लांब करून बसावें, हें त्याचें उत्तर.

दिवाळीस तो पहांटे पांचास चिपळुणास निघाला. आईची अट होती कीं उजेडांतच जावें आणि वाटेंत दोनदां थांबून फोन करावा. मुंबई-गोवा महामार्गाचें २०११ सालीं सुरू झालेलें चौपदरीकरण तेव्हांहि पुरें झालेलें नव्हतें. माणगांवाहून त्यानें आईस फोन केला, महाडाहून आम्हांस. खड्ड्यांचें वर्णन पांच मिनिटें चाललें; गाडीविषयीं मात्र कांहीं बोलला नाहीं, म्हणून आम्हीं मुद्दाम विचारलें. "ती ठीक आहे मामा, पाठ तेवढी माझी दुखते," असें म्हणून त्यानें फोन ठेविला, आणि दुपारीं साडेबारास बहिणीचा फोन आला कीं मुलगा घरीं पोंचला असून तिला मागें बसवून बाजारांत चक्कर मारून आणीन म्हणून हट्ट धरून बसला आहे.